धूप आणि दमा

मुलाचे दुखणे म्हणजे आईबापांची परीक्षा, असे आपण सहज म्हणून जातो. ज्वर आला, चार रात्री जागरण झाले, घाम येऊन ज्वर उतरला, की ती परीक्षा संपते. बाळदम्याची गोष्ट निराळी. हा परीक्षक केव्हा येईल याचा नेम नसतो, आणि निकाल तर तो कधीच लावीत नाही. गेली तीन वर्षे आमच्या सात वर्षांच्या नातवापायी हे आम्ही घरात पाहात आहो. त्यात आमच्या हातून जो प्रमाद घडला, तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते.

चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील तमकश्वासाचे वर्णन वाचताना आमचा नातूच डोळ्यांपुढे उभा राहतो. रोगी आडवा झाला की कासावीस होतो, बसला की त्यास बरे वाटते. आभाळ भरून आले, पाऊस पडला, पूर्वेचा वारा सुटला, की व्याधी बळावते. आषाढात रात्री दोनच्या सुमारास मुलाच्या छातीत घरघर सुरू व्हावी, सूनबाईने त्यास उशांच्या आधाराने बसवावे, चिरंजीवांनी स्पेसरला पंप जोडावा, आणि बरगड्यांमध्ये ओढली जाणारी कातडी पाहात दोघांनी उजाडेपर्यंत बसावे, असा क्रम. सकाळी दोघांसही कचेरी चुकत नाही. चरकाने रोग्याचे वर्णन केले. उशाशी बसलेल्या आईचे वर्णन त्या ठिकाणी नाही.

एकत्र कुटुंबात जागावयास माणसे कमी नसतात. परंतु आम्ही जागलो नाही, उपदेश केला. "पंपाची सवय लागेल", "मुलास खेळू देऊ नका", "तुझ्या माहेरी कोणास दमा होता काय?" हा शेवटला प्रश्न आमच्या कुटुंबाने सूनबाईस विचारला, तेव्हा आम्ही वर्तमानपत्रातून मान वर केली नाही. आमच्या सख्ख्या आत्याबाईंस दमा होता, हे आम्हांस पक्के ठाऊक होते.

गतवर्षी श्रावणात आमच्याच आग्रहावरून रोजचा पंप बंद झाला. पंधरा-सोळा दिवसांनी एका रात्री मुलाचे ओठ निळसर पडले, आणि त्यास इस्पितळात नेऊन प्राणवायू द्यावा लागला. डॉक्टरीणबाईंनी आम्हांस विद्यार्थ्यासारखे समोर बसवून समजाविले. दम्यात श्वासनलिकांस आतून सूज असते. रोजचा पंप ती सूज आटोक्यात ठेवतो. तातडीचा पंप आवळलेल्या नलिका तेवढ्या सैल करतो. औषध थेट फुप्फुसांत पोहोचत असल्याने मात्रा अत्यल्प पुरते. त्याचे व्यसन लागत नाही. ते सोडले की सूज मात्र पुन्हा वाढते. या जातीचा पंप १९७२ सालापासून वापरात आहे, आणि आम्ही त्यास नवे खूळ म्हणत होतो!

मग त्यांनी विचारले, "घरात धूर कशाचा असतो?" सूनबाई खाली पाहू लागली. चिरंजीवही बोलेनात. अखेर नातूच खाटेवरून म्हणाला, "आजोबांच्या पूजेचा."

दोन वर्षे आम्ही रोज सकाळी देवघरात धूप जाळीत होतो, आणि दोन वर्षे ती माउली त्या वेळी मुलास घेऊन गच्चीवर जात होती. कोवळ्या उन्हासाठी जात असेल, असे आम्ही समजत होतो. रोगाशी झगडण्याचे बळ तिला होते. त्यावर आमची मर्जी राखण्याचे ओझे आम्ही घातले होते.

पूजेत जो उपचार उपलब्ध नसेल, त्याच्या जागी अक्षता वाहण्याची मोकळीक आहेच. आता आम्ही धुपाऐवजी अक्षता वाहतो. पंप हलवून स्पेसरला लावणे, एका वेळी एकच फवारा देणे, रोजच्या औषधानंतर चूळ भरविणे, हे सारे आम्ही शिकलो. बुधवार आणि शनिवारची रात्र आमची. पहिल्या शनिवारी सूनबाई दोनदा दारात येऊन पाहून गेली. चौथ्या शनिवारी ती सकाळपर्यंत निजली.

ज्यांच्या घरी असे मूल असेल, त्या वडीलधाऱ्यांस आमची एवढीच विनंती आहे: उपदेश करण्यापूर्वी त्याच्या उशाशी एक रात्र जागून पाहावी.