थांबलेली मिरवणूक

मिरवणूक हा उत्सवाचा मुकुटमणी होय. देवघरातील पूजा घरच्या मंडळींपुरती असते. मिरवणूक मात्र जो कोणी रस्त्याच्या कडेला उभा राहील त्या प्रत्येकाची असते. मुंबईहून येणारा मार्ग आमच्या पळस्पे फाट्यावर दुभंगतो. एक शाखा पुण्यास जाते व दुसरी कोकणातून गोव्यास. श्रावण सरत आला, की पेणेच्या मूर्तींनी भरलेल्या मालमोटारी मुंबईकडे आणि चाकरमान्यांच्या गाड्या कोकणाकडे, असा दुहेरी ओघ येथून वाहू लागतो. आम्ही ख्रिस्ती, आमच्या घरी गणपती बसत नाही. तथापि विसर्जनाचा ताशा कानी पडला, की आमचीही पावले आपोआप दाराकडे वळतात.

सन 2020 साली हा ओघ आटला. करोनाची साथ भरात होती. त्या वर्षीची चतुर्थी 22 ऑगस्टला होती. तत्पूर्वीच शासनाने नियम घालून दिले, की सार्वजनिक मूर्ती 4 फुटांहून व घरगुती मूर्ती 2 फुटांहून उंच नसावी, आणि आगमनाची वा विसर्जनाची मिरवणूक काढू नये. ज्या लालबागच्या मंडळाचा उत्सव 1934 पासून चालत आला होता, त्याने मूर्ती न बसविता रक्तदानाचा ‘आरोग्योत्सव’ योजिला.

त्या दिवसांत आमचे वर्ग भ्रमणध्वनीच्या पडद्यावर भरत. एके दिवशी एका विद्यार्थ्याने विचारिले, “सर, बाजार भरतो, कारखाने चालू आहेत; मग आमचीच मिरवणूक का बंद?” प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, न्यायाचा होता, आणि न्यायाच्या प्रश्नास दटावणी हे उत्तर नव्हे.

आम्ही त्यास सांगितले, की बाजारात मनुष्य जिन्नस घेऊन घरी परततो. मिरवणुकीत मात्र गर्दी हीच शोभा असते. हा रोग श्वासावाटे पसरतो. मोठ्याने गाणे वा जयघोष केल्याने त्याचे सूक्ष्म तुषार अधिकच उडतात. आणि बाधा झालेला मनुष्य लक्षणे दिसण्यापूर्वीच दोन दिवस ती दुसऱ्यास देऊ शकतो. सबब, धडधाकट दिसणारा नाचणारा कोणाच्या आजीस रोग देऊन जाईल, हे त्याचे त्यालाही कळत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगराची हकीकतही आम्ही सांगितली. 28 सप्टेंबर 1918 रोजी, इन्फ्लुएन्झाची साथ शहरात शिरली असताही, युद्धकर्जासाठी तेथे भव्य संचलन काढण्यात आले. सुमारे दोन लक्ष लोक जमले. थोड्याच दिवसांत रुग्णालयांत खाट मिळेना, आणि पुढील सहा आठवड्यांत त्या नगरात बारा हजारांवर माणसे दगावली.

शिवाय हा निर्बंध एकाच समाजावर नव्हता. त्याच वर्षी 5 एप्रिलचा आमचा झावळ्यांचा रविवार झावळ्यांच्या मिरवणुकीवाचून गेला, आणि 12 एप्रिलचा ईस्टर आम्ही घरात बसूनच पाळिला. शतकानुशतके पायी चालणारी पंढरीची वारीही त्या वर्षी थांबली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका 30 जून रोजी राज्य परिवहनाच्या गाड्यांतून मोजक्या मंडळींसह पंढरपुरास गेल्या.

मुलगा ऐकून घेऊन म्हणाला, “सर, हे मला पटले. पण आमचे बाबा ताशा वाजवितात.”

ह्या एका वाक्याने प्रश्नाचा खरा गाभा आमच्यापुढे ठेविला. उत्सव स्थगित झाल्याने कोणाची हौस राहिली. कोणाची मात्र वर्षाची कमाई गेली. पेण, हमरापूर, जोहे येथील कारागीर वर्षभर मूर्ती घडवितात. उंचीची मर्यादा जुलैत आली, तोवर कित्येक मोठ्या मूर्ती तयारही होत्या. वाजंत्री, फुलवाले, मांडववाले, ह्या सर्वांची सुगी त्या दहा दिवसांत असते. मिरवणूक थांबल्याने प्राण वाचले ते सर्वांचे. मग तिचा भुर्दंड मूठभर लोकांनीच का सोसावा?

आमच्या आळीत ही गोष्ट निघाली, तेव्हा एक वृद्ध शेजारी म्हणाले, “मिरवणूक नाही, म्हणून वर्गणीही नाही, असे का?” त्यांच्या शब्दास मान देऊन दरवर्षीची वर्गणी गोळा झाली व आम्हीही आमचा वाटा घातला. रक्कम मोठी नव्हती. ती घेऊन दोघे गृहस्थ त्या मुलाच्या घरी गेले. परंतु त्याच्या वडिलांनी हात पुढे केला नाही. “न वाजविता बिदागी घेणे मला शोभत नाही,” असे ते म्हणाले. अखेर असे ठरले, की अनंत चतुर्दशीस, 1 सप्टेंबर रोजी, त्यांनी आपल्याच अंगणात उभे राहून वाजवावे. त्या सायंकाळी सारी आळी आपापल्या उंबरठ्यावर उभी राहिली. रस्ता रिकामा होता. ताशा सुमारे पाव घटका वाजला असेल. त्यानंतर त्यांनी बिदागी स्वीकारिली.

सन 2022 मध्ये निर्बंध उठले आणि मिरवणुका पूर्ववत निघाल्या. ज्या घरांतील माणसे त्या साथीत गेली, त्या घरांस मात्र काहीच पूर्ववत झाले नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे अधिकारी होईल, कोणी मंडळाचा कार्यवाह, कोणी ग्रामपंचायतीचा सभासद. लोकांच्या जीवितासाठी लोकांच्या आवडीची गोष्ट थांबविण्याचा प्रसंग तुमच्यावर आला, तर कचरू नका, थांबवा. परंतु निषेधाचा कागद भिंतीवर डकविला म्हणजे कर्तव्य संपले, असे समजू नका. त्या निर्णयाने कोणाच्या घरची चूल विझते, ते त्याच दिवशी जाऊन पाहा. आणि त्या घरी जाल तेव्हा दान देणाऱ्याच्या तोऱ्याने न जाता, देणे फेडणाऱ्याच्या नम्रतेने जा.