मागांच्या खडखडाटावरून येणारा गळा

ऐंशीच्या दशकात सोलापूरच्या पूर्व भागात वाढलेल्या पोरांच्या कानावर गाणं यायचं ते यंत्रमागांच्या खडखडाटातून वाट काढत. दारात सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांजवळचा टेप, जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, एप्रिलमधली भीमजयंती, आषाढीचे दिवस. सगळीकडं एक आवाज ठरलेला, प्रल्हाद शिंदे यांचा. घरात तेलुगू बोलणारे शेजारीसुद्धा त्यांची गाणी म्हणायचे. मला वेड होतं ते ठेक्याचं. आनंद-मिलिंद या त्यांच्या मुलांची पोपटाच्या गाण्याची कॅसेट आली, तेव्हा तर ढोलकी सुरू झाली की पाय जागेवर राहत नसत. शब्दांकडं लक्ष कोण देणार!

मध्यंतरी ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ निवांत बसून, हेडफोन लावून ऐकलं. लाऊडस्पीकरवर हे वारीचं गाणं वाटायचं. आता त्यातली गरिबी ऐकू आली, घरातली उपासमार ऐकू आली. कर्ज आणि कष्टांनी पिचलेली माणसं आमच्या गल्लीत घरोघरी होती. त्यांना हे गाणं का लागत होतं, ते इतक्या वर्षांनी उमगलं.

साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढं सर्वांत ठळक राहतात, असं मानसशास्त्रज्ञ सांगतात. असेल. मला त्या दिवशी तरुणपण परत हवंसं वाटलं नाही. त्या गळ्याबद्दल जाणून घ्यावंसं वाटलं. शिंदे कुटुंब मूळचं आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचं. प्रल्हाद लहानपणी आईवडिलांबरोबर रस्त्यावर गाऊन पोट भरत, पुढं इस्माईल आझादांच्या कव्वाली पार्टीत कोरसमध्ये गायले. वरच्या पट्टीतला तो मोकळा, खणखणीत आवाज माईकशिवाय गर्दीपर्यंत पोचण्यासाठीच घडला, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तर तो मागांनाही पुरून उरायचा. विठ्ठल, भीमराव आणि पीर, तिघांच्याही दारी तो सारख्याच श्रद्धेनं गायला. २००४च्या मे महिन्यात भीमगीतं लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे. एका उन्हाळ्यानं आमच्या कानांची केवढी श्रीमंती नेली!

‘पाऊले चालती’चे गीतकार दत्ता पाटील, संगीतकार मधुकर पाठक. मोबाईलवर गायकाचं नाव हमखास दिसतं, ही दोन नावं क्वचित. ज्याच्या ढोलकीवर आम्ही नाचलो, त्याचं नाव तर कुठंच सापडत नाही. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला एक कागद असायचा. त्यावर निदान लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं, कधी वादकांचंही नाव छापलेलं असे. छोट्या कंपन्यांनी काढलेल्या कितीतरी भीमगीतांचा आणि कव्वाल्यांचा आज तेवढाच पुरावा उरला असेल.

तुमच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील, तर भंगारात घालण्याआधी डबी उघडा. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा, आणि फितीला बुरशी लागली नसेल तर गाणीही उतरवून घ्या.