चार हजार मैल

मागच्या महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा मैल विकत घेतले. चार हजार. एकशेवीस डॉलर लागले, म्हणजे साधारण दहा हजार रुपये. अम्मीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मैल कुणी विकत घेतं का? मैल चालायचे असतात."

भाई बावीस वर्षं दुबईत आहे, एसी दुरुस्तीच्या कामात. अम्मीला उमऱ्याला पाठवायचं त्याच्या मनात कधीचं होतं. एके रात्री त्याचा फोन आला, "माझ्या खात्यात मैल पडलेत. बघ जरा, तिचं तिकीट होतं का." विमान कंपनीच्या खात्याचा पासवर्डही पाठवला. खातं उघडलं तर शिल्लक होती 36,200. मुंबई–जेद्दा, जाऊन-येऊन, हवे होते 40,000.

कमी पडणारे मैल कंपनीच विकते, हजाराच्या पटीत, हजाराला तीस डॉलर. मी कागद-पेन घेऊन बसलो. रोख तिकीट एक्केचाळीस हजारांच्या आसपास होतं. मैलांवर काढलं तरी कर आणि इंधन अधिभार मिळून सोळा हजार द्यावे लागणारच होते. 'मोफत' तिकीट मोफत नसतं, हे तिथे कळलं. विकतचे दहा हजार धरून सव्वीस झाले. बँकेने डॉलरच्या व्यवहाराचं शुल्क कापलं ते वेगळं. म्हणजे पंधराएक हजार वाचत होते. पण सगळेच्या सगळे चाळीस हजार मैल विकत घ्यायचे म्हटलं असतं तर बाराशे डॉलर, लाखभर रुपये! तेवढ्यात दोन तिकिटं येऊन वर उरले असते. थोडकं भोक बुजवायला हा माल ठीक आहे, घर बांधायला नाही. आणि आधी जागा बघावी, मग पैसे भरावेत. मैलांवर मिळणाऱ्या जागा मोजक्याच असतात आणि विकत घेतलेले मैल परत घेत नाहीत. रमजानमध्ये तर आम्हाला एकही जागा दिसली नाही.

अमेरिकन एअरलाइन्सने 1981 मध्ये ही योजना काढली तेव्हा उद्देश एवढाच होता, की गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये. आता बँका विमान कंपन्यांकडून मैल घाऊक विकत घेतात आणि कार्डावर खर्च करणाऱ्यांना वाटतात. 2020 मध्ये विमानं जमिनीवर उभी होती, तेव्हा युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून सहा अब्ज ऐंशी कोटी डॉलर उभे केले. भाईच्या खात्यातही विमानाने कमावलेले मैल फक्त पाचेक हजार होते. बाकीचे सगळे कार्डावरचे, किराणा आणि पेट्रोलचे. बावीस वर्षांच्या ये-जा चे एवढेच? तर हो. स्वस्तातल्या तिकिटावर मैल नावालाच मिळतात आणि तीन वर्षांनी तेही बाद होतात. जो वर्षातून एकदा, सगळ्यात स्वस्त तिकीट शोधून घरी येतो, त्याच्यासाठी ही योजना नाहीच.

कार्डाचा विषय निघाला म्हणून मी मशिदीत मौलानांना गाठलं. उमऱ्याचा पैसा आहे, मनात किंतु नको. त्यांनी विचारलं, "व्याज कधी भरलंय?" भाई बिल दर महिन्याला पूर्ण चुकवतो. मग म्हणाले, कंपनी स्वतःहून देते ती भेट. आणि वरचे मैल घेताय, त्याची किंमत ठरलेली, बदल्यात काय मिळणार तेही ठरलेलं, हरकत नाही. "पण भाईला सांगा, कार्ड मोडलं तर बरं. करारात व्याजाची अट असतेच." यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. मी त्यांचं म्हणणं भाईला जसंच्या तसं कळवलं. तो "बघतो" म्हणाला.

खरं मी अडकलो होतो दुसऱ्याच ठिकाणी. खात्यात प्रत्येक प्रवासाची नोंद असते. भाईच्या नोंदी पाचशे, सहाशेच्या. मध्येच एक, एकाच बाजूच्या प्रवासाची, अठराशेची. तारीख बघितली. अब्बा गेले तो दिवस.

फजरनंतर अब्बा गेले. भाईला मिळेल ते तिकीट काढावं लागलं, चौपट भावाचं. म्हणून मैलही जास्त. आमच्याकडे मयत ठेवत नाहीत. असरनंतर दफन झालं तेव्हा तो मुंबईच्या विमानतळावर रांगेत उभा होता. खेडला पोहोचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मी टॉर्च घेऊन त्याला कब्रस्तानात नेलं. माती ओलीच होती. तो काही बोलला नाही, मीही नाही.

या गोष्टीला तीन वर्षं होत आली होती. ते अठराशे मैल महिनाअखेरीस बाद होणार होते.

हिशेबाने पाहिलं तर फारसा फरक नव्हता. ते गेले असते तर चारऐवजी सहा हजार घ्यावे लागले असते, साठ डॉलर जास्त. पण मी त्या रात्रीच जागा पाहिली, मैल घेतले आणि तिकीट काढून टाकलं. कार्ड माझं, डेबिट.

अम्मीला ही नोंद सांगितली नाही. तिला एवढंच ठाऊक आहे, की तिकीट थोरल्याने काढलं आणि कमी पडलं ते धाकट्याने घातलं. आमचे आजोबा बोटीने हजला गेले होते, आधी मुंबईच्या मुसाफिरखान्यात मुक्काम करून. ती ते किस्से शेजारणींना सांगत बसते आणि मध्येच म्हणते, "मी मैलांवर चालले."

तिकीट पाठवलं त्या रात्री भाईने फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "त्यात त्या दिवसाचे होते ना रे?"

म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"होते," मी म्हटलं. "जे आधी बाद होणार ते आधी कापतात. सगळ्यात पहिले तेच गेले."

तो थोडा वेळ गप्प होता. मग विचारलं, "अम्मीचा गुडघा कसा आहे? जेद्दाला व्हीलचेअर सांगितलीस का?"

सांगितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून सांगितली.