फुरसुंगीच्या पलीकडे
ज्या कथेत तपासाचे काम पोलिसांऐवजी शाळकरी मुले अंगावर घेतात, तिला मराठी बालवाङ्मयात सैलपणे हेरकथा म्हटले जाते. मात्र भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांच्या फास्टर फेणेच्या गोष्टींना हे नाव पुरते बसत नाही, कारण बनेश फेणे हा पाइप ओढत पुरावे जुळवणारा तर्कपंडित नसून सायकलवर टांग टाकून नको तिथे नेमक्या वेळी पोहोचणारा आणि काही उमगले की टाळूला जीभ लावून ‘ट्टॉक्’ असा आवाज काढणारा चळवळ्या पोरगा आहे.

तो मूळचा फुरसुंगीचा आणि शिकायला पुण्यातल्या विद्याभवनात, हा तपशील पुणेकर वाचक वाचून पुढे जातो. बारामती-इंदापूरकडच्या वाचकाला मात्र त्यातच सगळे मिळते. भिगवण, पाटस, यवत मागे टाकीत निघालेल्या एसटीला पुणे लागण्याआधी फुरसुंगी याच अंगाला आहे, त्यामुळे हा नायक शहराचा नसून आपल्या बाजूने शहरात शिरलेला, म्हणजे आपल्यातलाच, अशी समजूत नवव्या-दहाव्या वर्षी सहज होते. एरिश केस्टनर या जर्मन लेखकाच्या १९२९ मधल्या गाजलेल्या बालकादंबरीतही लहान गावातला एमिल आगगाडीने बर्लिनला निघतो, वाटेत त्याचे पैसे चोरीला जातात आणि शहरातली पोरे त्याच्यासाठी चोराचा माग काढतात. परगावच्या मुलाला शहर हेच मुळात कोडे असते. चोर ही लेखकाने नंतर केलेली सोय.

या वाचनाचा एक तोटाही होतो. रहस्य पुण्यात घडते आणि आपल्याकडे फक्त ऊस उगवतो, असे मुलाच्या मनात बसते, आणि १९८७ मध्ये फास्टर फेणेची, सुमीत राघवन यांनी काम केलेली मालिका दूरदर्शनवर आल्यावर ते अधिकच पक्के झाले असावे. वास्तविक इंदापूर तालुक्यातच उजनीच्या फुगवट्याखाली, म्हणजे धरणामुळे मागे तुंबलेल्या भीमेच्या पाण्याखाली, पळसदेवचे जुने देऊळ बुडालेले आहे आणि पाणी खूप ओसरले की ते वर येते. इतके आयते गुपित हाताशी असताना त्यावर एखादी बालकादंबरी शोधण्याची बुद्धी वाचकाला चाळिशीत होते, हे जरा उशिराच म्हणायचे.

पण या मुलखातला खरा तपास पाण्यावरच चालतो, तोही देवळाच्या नव्हे, कालव्याच्या. १८८५ पासून वाहणारा नीरा डावा कालवा बारामतीतून इंदापूरकडे जातो आणि जितके ‘टेल’ला, म्हणजे शेवटच्या टोकाला जावे तितके पाणी कमी पडते. प्रत्येकाची ‘पाळी’, अर्थात पाणी घेण्याची ठरलेली वेळ, असते. ती रात्री आली की ‘दारे धरायला’, म्हणजे सऱ्यांची तोंडे फोडून आणि बुजवून पाणी फिरवायला, बापाबरोबर बॅटरी घेऊन पोरगाही जातो. मध्येच चारीचे, म्हणजे कालव्यातून शेताकडे येणाऱ्या पाटाचे, पाणी तुटले की दोघे बांधाने वर चालत जातात. कुठेतरी कड फोडलेली सापडते: खोऱ्याने कापलेली माती अजून गुळगुळीत चमकत असते, गवत पाण्याच्या ओढीने एका दिशेला झोपलेले असते आणि शेजारच्या चिखलात टाच झिजलेल्या चपलेचा ठसा पाण्याने भरू लागलेला असतो.

फास्टर फेणेवर वाढलेल्या मुलाला याहून अधिक पुरावा लागत नाही. फरक एवढाच, की पुस्तकातला गुन्हेगार बहुधा परका असतो आणि शेवटी पोलिसांच्या हाती पडतो. इथला मात्र भावकीतला, एकाच आडनावाचा, बांधाला बांध लागून असलेला आणि सकाळी अंगणात चहाला येणारा असतो. ती चप्पल कोणाची, हे मुलाला कळलेले असते आणि बापालाही. बाप काही न बोलता चार ढेकळे भगदाडात टाकून पायाने दाबतो, आणि मुलगा बॅटरीचा उजेड ठशावरून काढून त्याच्या हातांवर धरतो.