उरलेली लाकडे

रविवारची दुसरी मिस्सा संपली की आमच्या चर्चच्या मागील खोलीत सातआठ माणसे जमतात. प्रार्थना होते, मागील सभेचा वृत्तांत वाचला जातो, कोणत्या घरी कोण जाऊन आले याची विचारपूस होते आणि शेवटी एक कापडी पिशवी हातोहात फिरते. मूठ आत जाते, बाहेर येते. कोणी किती टाकले हे कोणालाच कळत नाही. संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभेची ही जुनी रीत. धर्मग्रामातील तिच्या शाखेस ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि मी तिचा आध्यात्मिक सल्लागार. आमचे बहुतेक सभासद साठी ओलांडलेले आहेत. त्यामुळे ही संस्था म्हणजे निवृत्तांचा विरंगुळा, अशी आपल्या तरुणांची समजूत झाली आहे. वास्तविक ती स्थापन केली विशीतल्या विद्यार्थ्यांनी.

सेमिनरीत चर्चच्या इतिहासाच्या तासाला फ्रेडरिक ओझानाम हे नाव एका ओळीत उरकले गेले होते. त्यांची खरी ओळख मला फार उशिरा झाली. १८३१ साली हा तरुण लिऑनहून कायदा शिकण्यासाठी पॅरिसला आला. श्रद्धेची टवाळी हीच त्या काळी तेथील विद्यार्थिवर्गात विद्वत्तेची खूण मानली जाई. ओझानाम आणि त्यांचे मित्र वादसभांतून ख्रिस्ती धर्माची बाजू हिरिरीने मांडीत. एकदा विरुद्ध पक्षाच्या विद्यार्थ्याने विचारले, की तुमच्या धर्माने एके काळी थोर कार्य केले हे मान्य. पण आज तुम्ही स्वतः काय करीत आहात? प्रश्न बोचरा होता, आणि रास्तही होता. आदल्याच वर्षी, १८३२ मध्ये, पटकीच्या साथीने त्या शहरात १८ हजारांवर माणसे दगावली होती.

२३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी एका कॅथलिक वृत्तपत्राच्या कचेरीत जमले. संपादक इमॅन्युएल बायी हे वडीलधारे गृहस्थ पहिले अध्यक्ष झाले. पुढे संस्था देशोदेशी पसरली, तरी तिचे सर्वोच्च अध्यक्षपद ओझानाम यांच्याकडे कधीच आले नाही. आपल्याकडील मंडळांच्या निवडणुका पाहणाऱ्यांना याचे थोडे नवल वाटेल! त्याच सुमारास ते व त्यांचा एक मित्र हिवाळ्यासाठी आणलेली, वापरून उरलेली जळाऊ लाकडे उचलून एका गरीब घरी पोहोचवून आले. संस्थेच्या कार्याचा आरंभ तो एवढाच.

परंतु गरिबाच्या दारात उभे कसे राहावे, काय बोलावे, हे या मुलांना ठाऊक नव्हते. ते त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकविले. त्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ संघाच्या. म्हणजे संत व्हिन्सेंट यांनी लुईझ दे मारियाक यांच्यासह १६३३ साली स्थापिलेल्या संघाच्या. मुफ्तार भागातील दरिद्री वस्ती त्यांच्या पायाखालची होती. त्यांनी मुलांच्या हाती भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या आणि घरांचे पत्तेही दिले. मला पत्ते अधिक महत्त्वाचे वाटतात. दोघांनी जावे, बसावे, ऐकावे, हा नेम तेव्हापासूनचा. १८६३ साली मुंबईत कॉन्फरन्स सुरू होऊन संस्था भारतात आली, तेव्हा हा नेमही सोबत आला. ओझानाम मात्र तोवर हयात नव्हते. प्राध्यापक, पती आणि एका मुलीचे पिता असलेले हे प्रापंचिक १८५३ साली, चाळिसाव्या वर्षी निवर्तले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिस येथे त्यांना धन्यवादित घोषित केले.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना हा नेम मीच मोडला. सभासद थकले होते. पावसाळ्यात चिखल तुडवीत पाड्यापाड्यांवर हिंडणे त्यांना झेपत नव्हते. मी सुचविले, की महिन्याच्या पहिल्या शनिवारी गरजूंनीच कार्यालयाच्या खिडकीशी येऊन शिधा न्यावा. यादी झाली, रांग लागली, सही-अंगठ्याची वही आली. कारभार इतका चोख झाला, की मला त्याचा अभिमानही वाटू लागला.

तिसऱ्या महिन्यापासून एक विधवा म्हातारी येईनाशी झाली. वहीत तिच्या नावापुढे आम्ही ‘गैरहजर’ लिहीत राहिलो. अखेर एक जुने सभासद मला घेऊन तिच्या घरी गेले. ती आजारी नव्हती. ओट्यावर बसून लसूण सोलत होती.

“मावशी, शिधा न्यायला का येत नाही?” मी विचारले.

तिने आधी आम्हांला बसायला पाट दिला. मग म्हणाली, “फादर, पूर्वी तुमची माणसं यायची तेव्हा मी त्यांना चहा करून द्यायचे. तिथं खिडकीशी मी कोणाला काय देऊ?”

बिनदुधाचा चहा झाला. आम्ही तो घेतला. परतताना वाटेत ते सभासद काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

खिडकी बंद करण्यास दोन सभा लागल्या. हिशेब कसा ठेवायचा, ही खजिनदारांची शंका खोटी नव्हती आणि थकलेले गुडघेही खरेच होते. अखेर घरे वाटून घेतली. काही भेटी महिन्यातून एकदाच होऊ लागल्या. त्या म्हातारीचे घर मी माझ्याकडे घेतले. बदली होईपर्यंत जात होतो.

सध्याच्या आमच्या कॉन्फरन्सकडे दोन घरे अशी आहेत, की ती कोणाकडेच सोपविता आलेली नाहीत. त्यांतील एक स्टेशनपलीकडील चाळीत, तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे. तेथे जाण्यास तरुण पाय हवेत. सभा दर रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, मागील खोलीत भरते.