केसांविषयी आलेल्या चिठ्ठ्या



वाचनालयाच्या दारापाशी आम्ही जी प्रश्नपेटी ठेवली आहे, तिच्यात या सत्रात अभ्यासापेक्षा केसांवरच्याच चिठ्ठ्या अधिक निघाल्या. पेटी विद्यार्थ्यांसाठी होती, पण अक्षरावरून पाहता काही चिठ्ठ्या आयांच्या आहेत आणि एक तर नक्कीच कुणाच्या तरी आजीची. एका चिठ्ठीत फक्त एवढेच होते : "सर, तुमचे केस कुठे गेले?" खाली सही नव्हती. प्रश्न सरळ आहे, तेव्हा पहिले उत्तर त्यालाच. आमचे केस वडिलांच्या आणि आजोबांच्या वाटेने गेले. कपाळ दर वर्षी थोडे थोडे वर सरकते आहे आणि त्याला आमची हरकत नाही. टक्कल फक्त आजोळकडून येते असे पुष्कळजण म्हणतात. आईकडचा वाटा मोठा असू शकतो हे खरे, पण वडिलांकडूनही ते तितक्याच सहज येते.

आम्ही डॉक्टर नव्हे. जीवशास्त्र शिकलो तेही हिंदी माध्यमातून, त्यामुळे केसाच्या मुळाला आजही आमच्या तोंडी आधी 'रोमकूप' हाच शब्द येतो. आपल्या शाळेच्या एक माजी विद्यार्थिनी इंदूरमध्येच त्वचारोगतज्ज्ञ आहेत. सगळ्या चिठ्ठ्या त्यांच्यापुढे ठेवल्या आणि दोन संध्याकाळी बसून समजून घेतले, ते येथे मांडत आहोत. जाता जाता एक भाषेची गोष्ट. बहुतेक चिठ्ठ्यांत 'केस झडतात' असे लिहिले आहे. हिंदीत बाल झडतात. मराठीत झाडाची पाने झडतात, केस गळतात. मराठीच्या बाईंनी हे वर्गात सांगावे अशी विनंती आम्ही केली आहे. असो.

"रोज कंगव्यात केस येतात, टक्कल पडेल का?" ही चिठ्ठी निरनिराळ्या अक्षरांत चार वेळा आली. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचे वेळापत्रक निराळे. एक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता जागेवर बसून राहतो आणि गळून पडतो. त्याच जागी दुसरा उगवतो. या हिशेबाने दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणे हा नित्यक्रमच झाला. वाढण्याचा वेग महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. म्हणजे सातवीतल्या मुलीची वेणी कमरेपर्यंत पोचली असेल, तर तिचे टोक ती पहिली-दुसरीत असतानाचे आहे. इतकी वर्षे ऊन, धूळ, कंगवा आणि रिबिनी सोसलेले टोक दुभंगले तर नवल नाही.

या वेळापत्रकातले ते तीन महिने मात्र पालकांनी ध्यानात ठेवावेत. मोठा ताप, टायफॉइड, डेंग्यू, शस्त्रक्रिया, बाळंतपण, किंवा घरात घडलेले मोठे दुःख, यांच्या धक्क्याने पुष्कळसे केस वाढ थांबवून एकदम विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळू लागतात. तोवर ताप विसरलेला असतो. मग दोष येतो परवा आणलेल्या शॅम्पूवर नाहीतर बोरिंगच्या पाण्यावर. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आपल्यातील कितीतरी घरे आजारी पडली. जुलै-ऑगस्टमध्ये फी भरायला आलेल्या आया आपापसात केसांचेच बोलत होत्या. अशा वेळी कॅलेंडर काढावे आणि तीन महिने मागे जाऊन पाहावे. कारण तिथे सापडले तर बहुधा पुढच्या सहा-आठ महिन्यांत केस आपोआप भरून येतात. बोरिंगच्या पाण्याने केस रुक्ष होतात, तुटतात, पण मुळाला काही होत नाही.

आजींच्या चिठ्ठीत विचारले आहे की नातवाचे जावळ एकदाच काढले, म्हणून केस विरळ राहिले का. नाही. जावळ हा आपला संस्कार आहे, तो त्या भावनेने जरूर करावा. वस्तऱ्याने केस दाट होतात का, हे मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ बाईंनी मोजून पाहिले आणि १९२८ साली 'नाही' असे लिहून ठेवले. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून हाताला जाड लागते, इतकेच. तेलाचेही थोडेसे तसेच आहे. मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. त्यांत खोबरेलच केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते असे दिसले. तेव्हा आईच्या हातचे खोबरेल चांगलेच, पण ते आहे त्या केसाला जपते. नवा केस उगवायला लावणारे तेल बाजारात अजून यायचे आहे, बाटलीवर काहीही छापलेले असो.

मुलींच्या वेण्यांविषयी थोडे. आपल्या शाळेचा नियम दोन वेण्यांचा आहे. त्या कपाळाची कातडी ताणून घट्ट बांधाव्यात असे नियमात कुठेही नाही. रोज ओढून बांधल्याने कानशिलाजवळचे केस हळूहळू मागे हटतात आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर परत येत नाहीत. आयांनी सकाळच्या घाईत हात जरा सैल ठेवावा. सैल वेणीबद्दल कोणत्याही मुलीला रांगेतून बाहेर काढू नये, असे शिक्षकांना कळवले आहे.

यापुढचा भाग आम्हाला तेलापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो. नववी-दहावीच्या मुलींच्या चिठ्ठ्यांत केस गळण्याबरोबर 'थकवा येतो', 'जिना चढताना दम लागतो' असेही लिहिले आहे. डॉक्टरबाईंनी त्या चिठ्ठ्या बाजूला काढल्या आणि म्हणाल्या, "सर, या केसांच्या नाहीत, रक्ताच्या आहेत." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींत दर शंभरांत एकोणसाठ रक्तक्षयी आढळल्या. शरीरात लोह कमी पडले की शरीर आधी हृदय-मेंदूची सोय पाहते, केसांचा नंबर शेवटी लागतो. शाळेत आठवड्याला जी निळी गोळी मिळते ती लोहाचीच आहे. ती गोळी व्हरांड्यातल्या कुंड्यांत सापडते, हे आम्हाला माळीकाकांनी दाखवले आहे. गोळीने मळमळते, ही मुलींची तक्रार खरी आहे. ती जेवणानंतर घ्यावी आणि तिच्यावर लगेच चहा पिऊ नये, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबाने लागते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपल्या इंदुरी घरांची रीत या दृष्टीने फार उत्तम. त्याबरोबर डाळ, हिरवी भाजी, गूळ-शेंगदाणे, खात असतील तर अंडी. मुलीला दम लागत असेल तर हजार रुपयांची तेलाची बाटली आणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, आणि डॉक्टर म्हणाले तर थायरॉइडही. वजन कमी करायला रात्रीचे जेवण सोडणाऱ्या मुलींच्या आयांनीही हे वाचावे.

दहावीच्या वर्गात एखादे मूल अभ्यास करता करता स्वतःचे केस उपटत बसते. ती खोड नव्हे, तो मनावरचा ताण असतो. रागावून सुटत नाही. शांतपणे विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

अकरावी-बारावीच्या मुलांच्या चिठ्ठ्या वेगळ्याच. भंवरकुआँला कोचिंगला जाताना हेल्मेट घातल्याने टक्कल पडते का, असे तिघांनी विचारले आहे. पडत नाही. हेल्मेट घाला. एकाने मिनॉक्सिडिल या औषधाचे नाव लिहून 'लावू का' असे विचारले. हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांना नको तिथे केस येऊ लागले, त्यावरून १९८८ साली अमेरिकेत ते डोक्याला लावण्यासाठी मंजूर झाले. काहींना गुण येतो, पण लावणे थांबवले की मिळालेले केसही जातात. अठरा वर्षांच्या आत डॉक्टरांना न विचारता असले काही लावू नये. मित्राच्या मोबाइलवरील जाहिरात हा डॉक्टरांचा सल्ला होत नाही.

आता शेवटची चिठ्ठी. ती एका पालकांची होती, हिंदीत : "सर, ये फैलता है क्या? हमारी बेटी को उस बेंच से हटा दीजिए."

ज्या बाकाविषयी ते लिहितात त्यावर आठवीतली एक विद्यार्थिनी बसते. तिच्या आणि तिच्या आई-वडिलांच्या संमतीनेच आम्ही हे लिहीत आहोत. पावसाळ्यात तिच्या डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत डाग पडला, मग दुसरा, मग तिसरा. आपल्या घरांत याला चाई म्हणतात, आयुर्वेदात इंद्रलुप्त. शरीराचे रक्षण करणारी पेशींची फौजच चुकून केसांच्या मुळांवर चालून जाते. शंभरांत सुमारे दोघांना आयुष्यात कधी ना कधी हे होते. मुळे मरत नाहीत, त्यामुळे केस परत येऊ शकतात, आणि पुन्हा जाऊही शकतात. मुलीने काही खाल्ल्याने, न्हाल्याने किंवा कुणाच्या नजरेने हे झालेले नाही. आणि हे पसरत नाही. एका कंगव्याने नाही, एका बाकाने नाही, डब्यातल्या पोळीनेही नाही.

जो पसरतो तो डोक्याचा नायटा. त्यात कातडी खवलेदार होते, खाज येते, केस मुळाशी तुटलेले दिसतात आणि तो लहान मुलांत अधिक. त्याला नुसते मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने पोटात औषध घ्यावे लागते, आणि टोपी-कंगवा वेगळा ठेवावा लागतो. तिथेसुद्धा मुलाला वाळीत टाकण्याचे कारण नाही.

भीती कशी पळते याचे ताजे उदाहरण बुलढाण्याचे आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत माणसांचे केस तीन-चार दिवसांत गळून टक्कल पडू लागले. आधी पाण्यावर संशय गेला, मग संसर्गाची कुजबुज सुरू झाली. त्या गावांतल्या तरुण मुलींच्या लग्नांवरही परिणाम झाल्याच्या बातम्या आल्या. तपासणीत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण वाढलेले आढळले. विंचूदंशावरील कामासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पुष्कळांचे केस पुढे पुन्हा येऊ लागले.

आमच्या या विद्यार्थिनीच्या घरी वेगळीच अडचण होती. तिची पणजी नव्वदीच्या घरात आहे. नात डोक्याचा रुमाल काढून समोर आली की त्या तोंड फिरवून रडत. मुलीला वाटे, पणजीला आपली किळस येते. तिच्या वडिलांनी हे सांगितले तेव्हा आम्ही घरी जाऊन बसलो. हळूहळू उलगडले. पणजीबाईंनी लहानपणी आपल्या आत्याला लाल अलवणात, केशवपन केलेल्या डोक्याने, माजघराच्या कोपऱ्यात बसलेले पाहिले होते. ही चाल मोडावी म्हणून १८९० सालीच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असे ठरवले होते, तरी कित्येक घरांत ती पुढे पन्नास वर्षे रेंगाळली. त्या बाईंना नातीच्या डोक्यात आत्या दिसत होती. मुलीला हे कळल्यावर ती पणजीजवळ जाऊन बसली आणि आत्याचे नाव विचारले. ते नाव घरात कुणालाच माहीत नव्हते.

त्या पालकांना आम्ही भेटायला बोलावले, डॉक्टरबाईंचा कागद दाखवला आणि बाक बदलणार नाही असे सांगितले. ते थोडे नाराज गेले. त्यांच्या मुलीने मात्र बाक सोडला नाही. गणवेशाबाबत विश्वस्त मंडळाने ठरवले आहे की वैद्यकीय कारणाने कुणीही रुमाल, टोपी किंवा ओढणी बांधून यावे, कोणत्याही रंगाची, आणि फाटकावर किंवा वर्गात त्याचे कारण कुणी विचारू नये. अर्ज एकदा कार्यालयात द्यावा, तेवढे पुरे.

पहिल्या डागावर तिला आता बारीक लव आली आहे, पांढरीशुभ्र. चाईत नवे केस पुष्कळदा आधी पांढरे येतात आणि मागाहून काळे होतात. कानामागे मात्र एक नवा डाग पडला आहे. मधल्या सुट्टीत ती लंगडी खेळते तेव्हा रुमाल बहुधा दप्तरातच असतो. स्नेहसंमेलनातील नाटकासाठी तिने नाव दिले आहे. काम कोणते द्यायचे ते नाटक बसवणाऱ्या बाई ठरवतील.