तालमीचा फुटबॉल

पनवेलच्या आमच्या वस्तीतली पोरं फुटबॉलचा संघ काढू म्हणतात. पण पाठीशी कुणी पैसेवाला नाही म्हणून हिरमुसतात. त्यांना आम्ही कोल्हापूरचे उदाहरण देतो. कुस्तीच्या त्या गावात तालमींनीच फुटबॉल उचलून धरला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे, तीच संघांचीही! शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठच्या पेठ लोटते. उलट, मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली; तरी २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तालमींचे संघ मात्र आजही खेळतात, कारण ते पेठेचे आहेत. तेव्हा बंधू-भगिनींनो, पोरं वर्गणीला दारी आली तर दहा रुपये द्याच, आणि रविवारी मैदानावरही या!